उष्णोदकाचे गाव : वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी

कार्तिकी पौर्णिमेस कपिलधार येथे वीरशैव भाविकांच्या पालख्या येतात. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व तेलंगणातूनही माणसे पायी चालत येतात. बीडपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत हे स्थान आहे. 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांची येथे समाधी आहे, आणि समाधीच्या शेजारीच कड्यावरून कोसळणारी धार. कपिल मुनींनी येथे तप केले अशी श्रद्धा असल्याने धारेला त्यांचे नाव मिळाले. पावसाळ्यात तिचा आवाज दूरवर ऐकू येतो. कार्तिकापर्यंत ती बरीच बारीक झालेली असते, तरीही तिच्याखाली डोके धरल्यावाचून यात्रेकरूचे समाधान होत नाही.

या यात्रेत आम्ही काही वैद्यबंधू दरवर्षी तपासणीसाठी बसतो. भेगाळलेल्या टाचा, सुजलेले घोटे, जखडलेले गुडघे हेच रुग्ण अधिक. गतवर्षी एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, या धारंखाली बसलं तर गुडघं राहतेत का?" शीत जलाचा जोरदार परिषेक संधिगत वातास हितकर नाही, हे आम्ही त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न तयार होता. "मग तिकडं मुंबईच्या अंगाला गरम पाण्याची कुंडं हायेत म्हणतेत. आमच्या गावचे दोघं जाऊन आलेत. तिथं जाऊ का?"

या प्रश्नास 'जा' किंवा 'जाऊ नका' असे एका शब्दाचे उत्तर आम्ही पूर्वी देत असू. आता देत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. 'मामा, आधी मोजे काढा, पाय पाहू द्या,' असे म्हणून त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली, आणि माघ महिन्यात सवड काढून दोन दिवस वज्रेश्वरीस जाऊन राहिलो. ज्या ठिकाणी आपण रुग्णांना बिनदिक्कत पाठवतो, ते ठिकाण आहे तरी कसे, हे एकदा वैद्याच्या दृष्टीने पाहावे एवढाच हेतू होता.

वसईचा नवस

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही तीन गावे दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात वसलेली आहेत. मुंबईपासून अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. वसई-विरारकडून किंवा भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीहून येथे येता येते. नदीच्या पात्रात व काठावर ठिकठिकाणी उष्ण पाण्याचे झरे आहेत. त्यांभोवती दगडी कुंडे बांधली गेली, कुंडांभोवती देवळे उभी राहिली, देवळांभोवती धर्मशाळा व दुकाने आली, आणि अलीकडे त्यांत रिसॉर्टांची भर पडली. तीन गावांचा सारा इतिहास या क्रमात बसतो.

वज्रेश्वरीचे जुने नाव वडवली. देवीचे मूळ स्थान येथून उत्तरेस गुंज येथे होते व पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झाल्यानंतर देवी वडवलीस आणली गेली, अशी परंपरा आहे. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध वसईची मोहीम चालवली. किल्ला लवकर हाती येत नव्हता. त्या वेळी वडवलीस तळ असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, की वसई सर झाली तर देवीचे मंदिर बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला. आजचे मंदिर टेकाडावर आहे. बावन्न पायऱ्या चढून जाताना वाटेत पायरीवर कोरलेल्या कासवाला भाविक हळदकुंकू वाहतात. भक्कम दगडी तट आणि वरचा नगारखाना पाहून देवळात आलो की किल्ल्यात, असा क्षणभर संभ्रम पडतो. ज्या युद्धातून मंदिर उभे राहिले, त्याची छाया बांधणीवर राहिली असावी.

देवीच्या नावाची कथा येथील प्रत्येक पुजारी सांगतो. वसिष्ठांच्या यज्ञात हविर्भाग न मिळाल्याने क्रुद्ध झालेल्या इंद्राने वज्र फेकले आणि देवीने ते गिळून टाकले, म्हणून ती वज्रेश्वरी. तिने मारलेल्या दैत्यांचे रक्त भूमीत मुरले व ते अजून उष्ण आहे, तेच या झऱ्यांतून वाहते, असेही सांगितले जाते. आमच्या मराठवाड्यात किनवटकडे पैनगंगेकाठी उनकेश्वर आहे. तेथील उष्ण झऱ्याचा संबंध शरभंग ऋषींशी व प्रभू रामचंद्रांच्या बाणाशी जोडला जातो. तेथेही त्वग्विकाराचे रुग्ण स्नानासाठी जातात. जमिनीतून आपोआप ऊन पाणी यावे, ही घटना आपल्या पूर्वजांना कथेवाचून सोडवली नाही, आणि कथेमुळेच या झऱ्यांचे पावित्र्य टिकून राहिले, हेही खरे.

चैत्र अमावास्येस येथे मोठी यात्रा भरते. नवरात्रातही गर्दी असते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही तानसाकाठच्या या झऱ्यांची नोंद आहे. म्हणजे मोटारींच्या आधीपासून माणूस गुडघा, कंबर किंवा त्वचा घेऊन येथे येत आला आहे. त्यानंतर दहाच वर्षांत, १८९२ मध्ये, मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी वरच्या अंगाला तानसा धरण झाले. पावसाळ्यात नदी फुगली की काठची कुंडे अजूनही पाण्याखाली जातात, त्यांत गाळ भरतो आणि ओसरल्यावर तो उपसावा लागतो.

गणेशपुरीचे वळण निराळे आहे. तेथे भीमेश्वराचे जुने शिवालय व त्याच्यासमोर उष्ण कुंडे होती. बाकी जंगल आणि आदिवासींचे पाडे. स्वामी नित्यानंद हे दक्षिणेकडून आलेले अवधूत वज्रेश्वरी परिसरात काही काळ राहून १९३६ च्या सुमारास गणेशपुरीस स्थिरावले. कुंडांची व परिसराची व्यवस्था त्यांच्या काळात लागली. ८ ऑगस्ट १९६१ रोजी ते समाधिस्थ झाले. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम १९५६ पासून येथे आहे, आणि १९७० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील साधक येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. भिवंडी तालुक्यातल्या एका खेड्याचे नाव परदेशात पोचले ते असे. नित्यानंदांच्या नावाने चालणारे आदिवासी बालकांचे बालभोजन मात्र आम्हास या सर्व लौकिकाहून मोठे वाटते.

पहाटेचे गाव, दुपारचे गाव

आम्ही उतरलो त्या धर्मशाळावजा निवासाच्या मालकांनी रात्रीच बजावले, "स्नान करायचं तर चारला उठा. सातनंतर पाणी पाण्यासारखं राहत नाही." त्याप्रमाणे उठलो. थंडी होती आणि कुंडावर वाफ तरंगत होती. त्या वेळी येणारी माणसे बहुधा गावचीच, किंवा नेमाने येणारी. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून प्रथम गुडघ्यांना तेल चोळत होते. मग पायांवर तांब्याने पाणी, मग कमरेपर्यंत उतरणे, थोड्या वेळाने बाहेर, अंग पुसून घोंगडी. कोणी शिकवले असे विचारता म्हणाले, "वडील असंच करायचे." आधी स्नेहन, मग अधःकायेपासून क्रमाने स्वेदन, नंतर निवात स्थानी विश्रांती! पंचकर्माच्या वर्गात आम्ही जे पाठ केले, ते या गृहस्थांच्या घरात रीत म्हणून चालत आले होते. डोक्यावर त्यांनी एक थेंबही घेतला नाही. उष्ण जलाचा परिषेक अधःकायेस बलदायक, पण शिरावर केल्यास केश व नेत्र यांस अपायकारक, हे वाग्भटाचे मत त्यांना सांगितले, तेव्हा ते हसले व म्हणाले, "ते आपलं डोळे चुरचुरतात म्हणून."

सातनंतरचे गाव वेगळे. भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करून अंग आंबलेले कामगार येतात, मुंबईहून कुटुंबे येतात. शनिवार-रविवारी तर मोटारींची रांग लागते. ओटी, नारळ, पंचे, चहा-भजी यांची दुकाने उघडतात. पाड्यांवरच्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. कुंडात साबणाचा फेस दिसू लागतो, 'साबण लावू नये' या फलकाच्या अगदी खाली. ज्यांना देव नको आणि औषधही नको, केवळ मौज हवी, त्यांच्यासाठी जलतरण तलाव असलेली विश्रामस्थाने आहेत. या मंडळींवर आमचा राग नाही. त्यांच्यामुळे गावात पैसा येतो, आणि गावालाही जगायचे असते. आमचा प्रश्न फक्त आपल्या रुग्णापुरता आहे. तो कोणत्या गावात उतरतो, पहाटेच्या की दुपारच्या?

पाण्यात आहे काय?

'गंधकयुक्त पाणी' असे आपण सर्रास म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. वास्तविक पाहता कोकणातील उष्ण झऱ्यांच्या पाण्यात प्राधान्य आहे ते लवणाचे. सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड हे त्यांतील मुख्य घटक. काही ठिकाणी सल्फेट बऱ्यापैकी असते. कुजक्या अंड्यासारखा जो मंद वास येतो, तो अल्प प्रमाणातील हायड्रोजन सल्फाइड वायूचा. नाकाला फार थोडा वायूही जाणवतो, त्यामुळे वासावरून मात्रेचा अंदाज करणे फसवे ठरते. म्हणजे ज्याला आपण गंधकजल समजून कुष्ठाच्या रुग्णास पाठवत होतो, ते बहुतांशी उष्ण लवणजल आहे. लवण रस वातशामक खरा. परंतु अतियोगाने पित्त व रक्त दूषित करणारा आणि कुष्ठास वाढवणारा, हे येथे कोणास सांगावयास नको. चरकाने स्थिर, कठीण मंडलांवर स्वेदन सांगितले आहे हे मान्य. पण वाग्भटाने स्वेदनास अयोग्य रुग्णांत कुष्ठाची गणना केली आहे, हेही विसरून चालणार नाही. स्रावयुक्त, दाहयुक्त त्वग्विकार घेऊन कुंडात उतरणाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

उष्णतेविषयीही एक गैरसमज आहे. सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून बनला, म्हणून त्याची धग अजून खाली आहे असे लोक समजतात. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब कधीच निवाली. पावसाचे पाणी खडकांच्या खोल भेगांतून पुष्कळ खाली उतरते, पृथ्वीच्या अंतर्भागातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वेगाने वर येते, असा त्याचा प्रवास आहे. पालघरकडील कोकनेर-सातिवलीपासून राजापूरपर्यंत पश्चिम किनाऱ्याला समांतर अशी या झऱ्यांची माळच आहे. सर्वत्र उष्णता सारखी नाही. राजापूरचे पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास, तर खेडजवळील उन्हवरे येथील सत्तर अंशांच्या घरात. तानसाकाठचे झरे मुखाशी पन्नास अंशांच्या आगेमागे. कुंडात ते किती निवते हे कुंडाचा आकार, ऋतू व प्रहर यांवर अवलंबून.

हे आकडे आम्ही सविस्तर देतो, त्यास कारण आहे. चव्वेचाळीस अंशांच्या पाण्यात त्वचा भाजण्यास काही तास लागतात, पन्नास अंशांना काही मिनिटे पुरतात, आणि साठ अंशांना काही सेकंद. निरोगी मनुष्य चटका बसताच पाय मागे घेतो, म्हणून अपघात होत नाही. ज्याला चटका कळतच नाही, त्याचे काय?

असा एक रुग्ण आमचा होता. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वय बासष्ट, दोन्ही जानुसंधींत शूल, चालताना आवाज, सकाळी स्तंभ. आम्ही योगराज गुग्गुळ दिला, जानुबस्ती केली, उपशय मिळाला. पुढे हिवाळ्यात त्यांनी उष्ण कुंडावर जाण्याविषयी विचारले. कुंड कोणते ते येथे महत्त्वाचे नाही. आम्ही म्हणालो, 'अवश्य जा, आठ दिवस राहा, रोज अर्धा तास बसा.' त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह होता, हे आमच्याच केसपेपरवर आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. आम्ही गुडघे तपासले. तळपाय तपासले नाहीत. ते तिसऱ्या दिवशी परतले. दोन्ही पावलांवर फोड होते आणि त्यांना वेदना नव्हती. उजव्या पायाचा व्रण चार महिने भरला नाही. शेवटी शल्यचिकित्सकांनी दोन बोटे काढली. त्यांनी आम्हास एका शब्दानेही दोष दिला नाही. "पाणी चांगलंच होतं हो डॉक्टर, मलाच कळलं नाही," असे म्हणाले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अवगाहासह तेरा प्रकारचे साग्निस्वेद आहेत. ते आपण परीक्षेपुरते सर्वांनी पाठ केले. त्याच अध्यायात कोणास स्वेदन करू नये याची यादी आहे, आणि तीत मधुमेही स्पष्ट शब्दांत आला आहे. गर्भिणी, रक्तपित्ती, कामला व उदर यांचे रुग्ण, तहानलेला, भुकेलेला, थकलेला, नित्य मद्य घेणारा हेही आहेत. सुश्रुतानेही प्रमेहीस वगळले आहे. आम्ही ते वाचले होते. कुंड हे 'स्नान' आहे, 'स्वेदन' नव्हे, अशी काहीतरी नकळत समजूत मनात होती. देवाच्या पाण्याला कर्माचे नियम लागू होत नाहीत, असे आम्हास वाटत असावे. कमरेपर्यंत उष्ण जलात अर्धा तास बसणे हा शुद्ध अवगाहस्वेद होय, मग ते जल द्रोणीतले असो की भीमेश्वरासमोरचे.

आणखी एक गोष्ट अलीकडची. केरळात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मस्तिष्कदाहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. साचलेल्या उबदार गोड्या पाण्यातील हा सूक्ष्म जीव बुडी मारताना नाकावाटे शिरतो. जगात इतरत्र उष्ण झऱ्यांच्या पाण्यातही तो सापडलेला आहे. डोके पाण्याखाली न घेण्याची वाग्भटाने घातलेली मर्यादा येथे वेगळ्या कारणाने उपयोगी पडते.

जपानात उष्ण झऱ्यांविषयी १९४८ साली कायदा झाला. तेथील स्नानगृहात पाण्याचे पृथक्करण व कोणी स्नान करू नये याची माहिती दर्शनी भागात लावावी लागते. युरोपातील स्नानस्थानांवर, कार्लोव्ही व्हारीसारख्या ठिकाणी, रुग्णास आधी तपासून किती वेळ, किती दिवस, कोणत्या झऱ्याचे, हे वैद्य लिहून देतो. आमच्या कुंडांवर दोन दिवसांत आम्हास फलक पुष्कळ दिसले: चपला काढाव्यात, साबण लावू नये, दान येथे टाकावे. तापमान सांगणारा एकही दिसला नाही. कुंडाची सेवा करणाऱ्या एका गुरुजींशी आम्ही हे बोललो. प्रथम त्यांना तो देवीचा अवमान वाटला. मग आम्ही त्या दोन बोटांची हकीकत सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझ्या बहिणीलाही साखर आहे. लिहून द्या तुम्ही, मराठीत, मोठ्या अक्षरात. लावायचं का ते मी विश्वस्तांना विचारतो."

आम्ही सात ओळी लिहून दिल्या. मधुमेह असल्यास किंवा पायांना बधिरता असल्यास कुंडात उतरू नये. गरोदर स्त्रियांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी, अंगावर जखम किंवा स्राव असणाऱ्यांनी वैद्याला विचारावे. प्रथम हाताच्या कोपराने पाणी पाहावे. उपाशी किंवा मद्य घेऊन उतरू नये. दहा मिनिटांहून अधिक बसू नये. डोके बुडवू नये. बाहेर आल्यावर पाणी प्यावे व वाऱ्यात बसू नये. वैद्यबंधूंनी यात भर घालावी, दुरुस्ती करावी. संघटनेच्या वतीने असा एक मजकूर सर्व कुंडांच्या विश्वस्तांकडे पाठवता येईल. मात्र त्याआधी आपल्या केसपेपरवर 'तळपाय' असा एक रकाना छापून घ्यावा. आम्ही तो छापून घेतला आहे.

कपिलधारच्या त्या शेतकरी मामांची रक्तशर्करा तपासणीत प्राकृत आली. तळपायांची संवेदना उत्तम होती, हृदय व रक्तदाब ठीक. फाल्गुनात त्यांना आम्ही चिठ्ठी दिली: सकाळी लवकर, आधी तिळतेल, कमरेपर्यंत, दहा मिनिटे, पाच दिवस. ते जाऊन आले. गुडघ्यांचा स्तंभ बराच कमी आहे, शूल थोडा कमी आहे. "पाणी झ्याक हाय, पण गर्दी लई," असा त्यांचा अभिप्राय. येत्या कार्तिकीस पालखीबरोबर चालत यायचा त्यांचा विचार आहे. गुडघे पाहून ठरवू असे आम्ही सांगितले आहे.